बागांसाठीं काढलेलें कर्ज

घर बांधण्यासाठीं कर्ज काढणाऱ्या गृहस्थास लोक धोरणी म्हणतात. लग्नाच्या वरातींत दारूकाम उडविण्यासाठीं कर्ज काढणाऱ्यास उधळ्या म्हणतात. एखाद्या शहरानें बागांसाठीं कर्ज काढलें, तर त्याची गणना या दोहोंपैकीं कोणांत करावयाची? बाग ही चैन आहे असें म्हणणारे कारभारी प्रत्येक गांवांत असतात. ज्याच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडास अंगण नाहीं, त्याच्या मुलांस बाग ही चैन नसून धांवण्याबागडण्याची एकुलती एक जागा आहे, असें सांगणारेहि असतात. अमेरिकेंतील पुष्कळ शहरांत हा वाद नगरसभेच्या बैठकींत मिटवीत नाहींत. तो मतपेटीपुढें नेतात. ज्यांच्या घरपट्टींतून कर्ज फिटावयाचें, त्यांनींच होय किंवा नाहीं म्हणावें, असा तेथील दंडक आहे. असा प्रस्ताव मतदारांपुढें नेण्याची तयारी कशी करावी लागते, आणि त्या तयारींत काय राहून जातें, हें सिॲटल शहराच्या अनुभवावरून फार चांगलें दिसून येतें.

प्रथम कर्जरोखा म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. शहर लोकांकडून एकरकमी पैसा घेतें, त्याबद्दल लेखी वचन देतें, आणि ठरलेल्या मुदतींत मुद्दल व्याजासह परत करतें. तें लेखी वचन म्हणजे रोखा. पुणें महानगरपालिकेनें २०१७ सालीं पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठीं २०० कोटि रुपयांचे रोखे विकले, तेव्हां हा शब्द महाराष्ट्रांतील वृत्तपत्रांत बराच गाजला. तो निर्णय महापालिकेचा होता. त्यासाठीं पुणेंकर मतदारांचा कौल घेण्याची वहिवाट नाहीं. अमेरिकेंतील प्रकार याच ठिकाणीं निराळा होतो.

कर्जाचा हिशेब फळ्यावर मांडून पाहण्यासारखा आहे. दहा लाख डॉलर दरसाल दर शेंकडा चार व्याजानें वीस वर्षांसाठीं घेतले आणि दर वर्षीं सारखा हप्ता ठरविला, तर हप्ता सुमारें ७३,६०० डॉलरांचा पडतो. वीस वर्षांत सुमारें १४,७२,००० डॉलर भरावे लागतात. म्हणजे दहा लाखांची बाग पावणेपंधरा लाखांस पडली. हिशेबी माणूस येथें कपाळास हात लावील, आणि दर वर्षीं थोडी शिल्लक टाकून रोखीनें बाग करा म्हणेल. पण तोंपर्यंत आज सहा वर्षांचा असलेला मुलगा सव्वीस वर्षांचा होईल. त्याला मग झोपाळा काय कामाचा? व्याजाचे ते चार लाख बहात्तर हजार म्हणजे मध्यंतरीं वाढून जाणाऱ्या मुलांच्या खेळाचें मोल होय. शिवाय आज लावलेल्या झाडाची सावली पुढें शहरांत राहावयास येणारांसहि मिळते. त्यांनींहि हप्त्यांतला वांटा उचलावा हें न्यायाचेंच आहे. पथ्य एवढेंच कीं, कर्जाची मुदत वस्तूच्या आयुष्याहून लांब नसावी. जमीन चिरंतन टिकते, तिच्यासाठीं वीस वर्षांचें कर्ज शोभतें. दहा वर्षांत मोडणाऱ्या घसरगुंडीसाठीं तें शोभत नाहीं. मोडलेल्या घसरगुंडीचे हप्ते भरावयाचे म्हणजे गेलेल्या बैलाची पेंड विकत घेण्यासारखें आहे.

सिॲटल हें वॉशिंग्टन राज्यांतील सर्वांत मोठें शहर. हें राज्य पॅसिफिक महासागराच्या कांठीं आहे. राजधानीचें वॉशिंग्टन शहर तें निराळें, देशाच्या दुसऱ्या टोंकास. या राज्याच्या घटनेप्रमाणें, घरजमिनीवरील कर वाढवून फेडावयाच्या कर्जास शेंकडा साठ मतें अनुकूल पडावीं लागतात, आणि एकंदर मतदानहि मागील सार्वत्रिक निवडणुकींतील मतदानाच्या निदान शेंकडा चाळीस व्हावें लागतें. राज्याचा गव्हर्नर साध्या बहुमतानें निवडून येतो, पण बागेचें कर्ज तेवढ्यानें मंजूर होत नाहीं. शंभरांपैकीं एकुणसाठ होय म्हणाले आणि एकेचाळीस नाहीं म्हणाले, तर जय एकेचाळीसांचा! कोणास हा अन्याय वाटेल. परंतु बोजा बसतो तो सर्वांच्या घरांवर, नाहीं म्हणणारांच्याहि, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या नियमामागील सावधपणा समजतो. आणखी एक अट अशी कीं, हा पैसा केवळ भांडवली कामास लावावयाचा. जमीन घ्या, इमारत बांधा, तलाव खणा. पण माळ्याच्या पगारास आणि गवत कापण्यास त्यांतली दिडकीहि वापरतां येत नाहीं. श्रोत्यांनीं ही अट विसरूं नये. पुढें तीच नडणार आहे.

सिॲटलमध्यें बागांचा विचार पुष्कळ जुना आहे. १९०३ सालीं जॉन चार्ल्स ओम्स्टेड या उद्यानशास्त्रज्ञास शहरानें बोलावून आणलें. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची रचना ज्यांनीं केली, त्या फ्रेडरिक लॉ ओम्स्टेड यांचा हा पुतण्या आणि सावत्र मुलगाहि. त्यांनीं टेंकड्या, सरोवरें व समुद्रकांठ यांना जोडणारी उद्यानांची मालिका आंखून दिली, आणि प्रत्येक घरापासून अर्ध्या मैलाच्या आंत एखादी बाग किंवा क्रीडांगण असावें, हें धोरण पुढें ठेवलें. त्या आंखणीप्रमाणें जमिनी घेण्यासाठीं मतदारांनीं रोख्यांस संमति दिली. १९०८ सालीं दहा लाख डॉलरांस, १९१० सालीं वीस लाखांस. शहराच्या आजच्या जुन्या बागांपैकीं कित्येक त्या काळच्या आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलें. बोइंग कंपनीच्या विमानांच्या कारखान्यांमुळें वस्ती वाढली, उपनगरें पसरलीं, आणि त्यांचें सांडपाणी शहराच्या पूर्वेस असलेल्या लेक वॉशिंग्टन या मोठ्या सरोवरांत जाऊं लागलें. पाणी शेवाळून गढूळ झालें. येथें जेम्स एलिस हें नांव पुढें येतें. एलिस हे नगरपालिकांच्या कर्जरोख्यांचें काम पाहणारे वकील होते. म्हणजे रोख्याच्या कागदांत कोठें काय लपलेलें असतें हें त्यांना पाठ होतें. युद्धांत त्यांचा धाकटा भाऊ जर्मनींत मारला गेला. त्या दुःखानें ते सैरभैर झाले असतां, भावाच्या वांट्याचें आयुष्यहि तुम्हीच कामी लावा, असें त्यांच्या पत्नीनें त्यांना सुचविलें, ही हकीकत सिॲटलमध्यें सर्वश्रुत आहे. सरोवराच्या शुद्धीसाठीं सर्व गांवांची मिळून एक संस्था असावी, हा त्यांचा पहिला उद्योग. १९५८ च्या मार्चांत तो प्रस्ताव मतास टाकला, तेव्हां त्यांत सांडपाण्याबरोबर वाहतूक आणि नगररचना हींहि कामें होतीं. शहरानें तो मान्य केला, उपनगरांनीं पाडला. सहाच महिन्यांनीं, सप्टेंबरांत, नुसत्या सांडपाण्यापुरता प्रस्ताव पुन्हां आणला आणि तो मंजूर झाला. १९६८ पर्यंत सरोवरांत जाणारें सांडपाणी बंद झालें व पाणी निवळूं लागलें. लोक भव्य गोष्टींना भितात, आणि दिसणाऱ्या घाणीवर पैसा खर्च करावयास तयार होतात, हा धडा एलिस यांस येथें मिळाला. तो त्यांनीं पुढें किती पाळला हें लौकरच दिसेल.

१९६५ च्या नोव्हेंबरांत सिॲटलच्या रोटरी क्लबपुढें त्यांनीं एक भाषण केलें. वस्ती वाढत आहे, मोकळ्या जमिनी हातच्या जात आहेत, हमरस्त्यांनीं शहर चिरलें आहे. तेव्हां तुकड्यातुकड्यांनीं न मागतां सर्व कामांचा एकदम विचार करा, असा त्याचा आशय होता. या चळवळीस ‘फॉरवर्ड थ्रस्ट’, म्हणजे पुढें जाण्याचा रेटा, असें नांव पडलें. तिच्यासाठीं दोनशें नागरिकांची समिति नेमण्यांत आली. मतदान व्हावयाचें तें एकट्या शहरांत नव्हे, तर भोंवतालच्या सबंध किंग काउंटींत. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग. सवादोन वर्षें या लोकांनीं कामांच्या याद्या केल्या, खर्चाचे अंदाज बांधले, आणि आवश्यक ते कायदे १९६७ च्या विधिमंडळांतून करवून घेतले.

यादी करणें हें काम वरून सोपें दिसतें, पण कर्जाच्या सर्व योजनेंतील कठीण जागा तीच. एकच मोठें उद्यान मागितलें तर दूरच्या वस्तीतला मतदार म्हणतो, तें तुम्हांसच लखलाभ असो. सर्वांना थोडें थोडें वांटलें, तर कोणत्याच कामांत जीव राहत नाहीं. म्हणून यादींत दोन्ही लागतात. १९६८ च्या उद्यानांच्या यादींत प्राणिसंग्रहालयाची सुधारणा होती, मत्स्यालय होतें, बंदराच्या धक्क्यावरील बाग होती; तसेच ठिकठिकाणचे पोहण्याचे तलाव आणि क्रीडांगणेंहि होतीं. मत्स्यालयानें वृत्तपत्रांत नांव होतें; मतें मात्र पुष्कळदां आळीच्या कोंपऱ्यावरील क्रीडांगणानें मिळतात. हें म्हणणें थोडें खालच्या पातळीवरचें वाटेल. पण ज्या बागेस आपलीं मुलें पायीं जाऊं शकत नाहींत, तिच्यासाठीं वीस वर्षें हप्ता भरण्यास तयार होणारा मतदार विरळाच.

दुसरें शहाणपण समितीनें असें केलें कीं, सगळीं कामें एकाच प्रश्नांत बांधलीं नाहींत. रेल्वे, उद्यानें, क्रीडागार, रस्ते, सांडपाणी, अग्निशामक ठाणीं, गरिबांचीं घरें असे बारा निरनिराळे प्रश्न काढले. सर्वांची मिळून रक्कम सुमारें ८१ कोटि ५० लाख डॉलर, त्यांत उद्यानांसाठीं ११ कोटि ८० लाख. मतदान १३ फेब्रुवारी १९६८ रोजीं झालें. बारांपैकीं सात प्रश्नांनीं साठांचा उंबरठा ओलांडला, आणि उद्यानें त्या सातांत होतीं. शहराच्या रेल्वेसाठीं ३८ कोटि ५० लाख डॉलर मागितले होते. तिला शेंकडा पन्नासांहून किंचित् अधिक मतें पडलीं. बहुमत असून ती हरली. गरिबांच्या घरांसाठीं मागितलेली रक्कम सर्वांत लहानांपैकीं होती, पण तीहि हरली. ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं. सर्व कामांची एक मोट बांधली असती, तर रेल्वेच्या वजनानें उद्यानेंहि बुडालीं असतीं. उलट, उद्यानांच्या लोकप्रियतेवर रेल्वे तरली असती, असेंहि कोणी म्हणूं शकेल. पण साठांच्या नियमापुढें तो जुगारच ठरला असता.

रेल्वेचा प्रश्न १९७० च्या मे महिन्यांत पुन्हां मतास टाकला. मध्यंतरीं बोइंगमध्यें कामगारकपात सुरू झाली होती. ज्याला पुढल्या महिन्याच्या पगाराची शाश्वति नाहीं, तो मतदार चाळीस वर्षांच्या कर्जास होय कसें म्हणणार? या खेपेस निम्मींहि मतें पडलीं नाहींत. केंद्र सरकारकडून सिॲटलच्या रेल्वेस जी मोठी मदत मिळावयाची, ती अटलांटा शहराकडे वळली. सिॲटलमध्यें तशी रेल्वे धांवूं लागण्यास २००९ साल उजाडलें. योग्य वेळीं, योग्य हंगामांत विचारणें हाहि योजनेचाच भाग आहे. दोन वर्षांच्या अंतरानें तेंच शहर निराळें उत्तर देतें.

उद्यानांच्या पैशांतून जीं कामें झालीं, त्यांतील दोन मुद्दाम सांगण्यासारखीं आहेत. लेक युनियन नांवाच्या लहान सरोवराच्या कांठीं कोळशापासून, व पुढें तेलापासून, ज्वलनवायु काढण्याचा कारखाना होता. तो १९५६ सालीं बंद पडला. काळवंडलेले मनोरे, डांबरानें माखलेली जमीन. असली जागा साफ करून तेथें हिरवळ लावावी, असेंच बहुतेकांस वाटत होतें. रचनाकार रिचर्ड हाग यांनीं मात्र ते मनोरे तसेच उभे ठेवले, आणि दूषित माती सगळी उकरून फेंकण्याऐवजीं तींत जैव द्रव्यें मिसळून जागच्या जागीं सुधारण्याचा प्रयत्न केला. १९७५ सालीं ती बाग लोकांस खुली झाली. गंजलेल्या यंत्रांभोंवतीं मुलें पतंग उडवूं लागलीं.

दुसरें काम ‘फ्रीवे पार्क’. शहराच्या मध्यांतून मोटारींचा रुंद हमरस्ता खोल खणून नेलेला होता. त्यानें एक वस्ती दुसरीपासून तोडली गेली. त्या रस्त्याच्या डोक्यावर झांकण घालून त्यावर बाग करावी, ही कल्पना एलिस यांनीं उचलून धरली. लॉरेन्स हॅलप्रिन यांच्या कचेरींतील अँजेला दानादजिएवा यांनीं तिची रचना केली. कांक्रीटच्या उंचसखल भिंती, त्यांवरून कोसळणारें पाणी, मधून मधून दाट झाडी. पाण्याच्या आवाजांत खालच्या मोटारींची घरघर लोपून जात असे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या दुसऱ्या शताब्दीच्या दिवशीं, ४ जुलै १९७६ रोजीं, तिचें उद्घाटन झालें.

याच मतदानांत ४ कोटि डॉलर मिळालेलें किंगडोम हें प्रचंड क्रीडागारहि १९७६ सालीं उघडलें. त्याचें पुढें काय झालें तें उद्यानांच्या शेजारीं ठेवून पाहण्यासारखें आहे. २६ मार्च २००० रोजीं सुरुंग लावून तें पाडण्यांत आलें. त्याच्या दुरुस्तीसाठीं मागाहून काढलेलें कर्ज फिटावयास २०१५ साल उजाडलें. इमारत गेल्यावर पंधरा वर्षें लोक तिचे पैसे भरीत होते. गेलेल्या बैलाची पेंड ती हीच.

उद्यानें राहिलीं, पण राहिलेल्या वस्तूस खावयास लागतें. भांडवली कामाच्या अटीचा कांटा आतां टोंचूं लागला. पोहण्याच्या तलावाचेंच घ्या. तो एकदां बांधून भागत नाहीं. पाणी बारा महिने गाळावें लागतें, थंड हवेच्या प्रदेशांत तें तापवावें लागतें, आणि कांठावर पाण्यांत उडी घेणारा राखणदार लागतो. मतदारांनीं तलावांस होय म्हटलें; राखणदाराविषयीं त्यांना कोणीं विचारलेंच नव्हतें. २००२ सालीं किंग काउंटीच्या तिजोरींत मोठी तूट आली, तेव्हां १९६८ च्या कर्जांतून बांधलेले तलाव आसपासच्या गांवांच्या पदरीं घालण्याची धांवपळ झाली. जे कोणी घेईना, त्यांस कुलुप लागण्याची वेळ आली. फ्रीवे पार्कमध्यें झाडें वाढून अंधार दाटला, भिंतींच्या आडोशांचें लोकांस भय वाटूं लागलें, आणि ज्या बागेचें चित्र वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत छापलें जात होतें, तिच्यांतून सायंकाळीं एकट्यानें जाणें लोक टाळूं लागले. दोष रचनेचा कीं निगेचा, यावर वाद आहे. वाढलेली फांदी छाटणारा माणूस ठेवण्यास पैसा नसेल, तर तो वाद फार वेळ करण्यांत अर्थ नाहीं.

त्याच पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेस असलेल्या सॅनफ्रॅन्सिस्को शहरानें हे प्रस्ताव जरा निराळ्या बेतानें मांडले आहेत. तेथें तर तीनांपैकीं दोन मतें अनुकूल लागतात. म्हणून शहरानें एक नियम स्वतःस घालून घेतला: जुनें कर्ज जसजसें फिटेल तसतसेंच नवें काढावयाचें, म्हणजे घरपट्टीचा दर २००६ सालच्या दरावर चढूं नये. मतदारास ‘कर वाढणार नाहीं’ असें सांगतां येणें हें त्या शहरीं मोठेंच शस्त्र ठरलें. २००८ सालीं उद्यानांसाठीं १८ कोटि ५० लाख डॉलरांचें कर्ज तेथें मंजूर झालें. त्यांत बागांमधील शौचकूपांची दुरुस्ती हें काम स्पष्ट लिहिलेलें होतें, आणि वस्तीतल्या लोकांनीं स्वतः सुचविलेल्या लहान कामांसाठीं एक रक्कम बाजूस काढली होती. खर्चावर नजर ठेवण्यास नागरिकांची समितीहि असते. यांत खुबी एवढीच कीं, शौचकूपाच्या दुरुस्तीस कोणी कोनशिला बसवीत नाहीं. तरी तें यादींत आलें. भाड्यानें राहणारांचा प्रश्न मात्र तेथेंहि नाजूक आहे. रोख्यांमुळें वाढणाऱ्या कराचा अर्धा भाग घरमालकास कांहीं भाडेकऱ्यांवर टाकतां येतो. हो म्हणणारा भाडेकरी आपलेंच भाडें वाढवीत असतो, आणि हें मतपत्रिकेवर ठळक अक्षरांत नसतें.

सिॲटलनें पुढें निराळी वाट धरली. २००० सालीं आठ वर्षांपुरता उद्यानकर मतदारांनीं मान्य केला, २००८ सालीं आणखी सहा वर्षांपुरता. हे कर रोख्यांसारखे भांडवली कामासच बांधलेले नव्हते, म्हणून २००० सालच्या करांतून निगेसहि पैसा मिळूं लागला. पण दर खेपेस मुदत संपत आली कीं माळ्यांच्या पोटांत गोळा येई. अखेर २०१४ च्या ऑगस्टांत उद्यानांसाठीं कायमचा कर बसविण्याचा अधिकार असलेली स्वतंत्र उद्यानसंस्था स्थापावी, असा कौल झाला. यास साठांची अट नव्हती, साधें बहुमत पुरेसें होतें. विरोधकांचें म्हणणें, एकदां दिलेला हा अधिकार पुन्हां मतपेटीकडे येणार नाहीं. कारभार पाहणार ते नगरसभेचेच सभासद, मग मतदाराच्या हातीं काय उरलें? हा आक्षेप टाकाऊ नव्हता. कर्जाच्या वेळीं दर खेपेस दारावर येऊन विचारणारी नगरपालिका आतां किल्ली मागत होती. बहुसंख्य मतदारांनीं ती दिली.

जेम्स एलिस २०१९ च्या ऑक्टोबरांत, ९८ व्या वर्षीं वारले. फ्रीवे पार्कला तत्पूर्वींच त्यांचें नांव देण्यांत आलें होतें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्या बागेची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादींत नोंद झाली. तिच्या दुरुस्तीसाठीं एक कोटि डॉलर मिळावयाचे ठरले ते कर्जरोख्यांतून नव्हे, तर शेजारच्या मोठ्या सभागृहाच्या विस्तारास परवानगी देतांना शहरानें घातलेल्या अटींतून. दिवे, फरशी, पाण्याचे नळ, शौचकूप हीं त्या यादींतलीं कामें आहेत.